डब्याला कडा किती? पाठ करण्याआधी मोजा

घनाला कडा किती, सूचीला शिरोबिंदू किती, शंकूची पृष्ठे एक की दोन, वृत्तचितीला कडा असतात की नसतात, हे प्रश्न पालक दरवर्षी विचारतात आणि शिक्षकांमध्येही त्यांवर वाद होतात. एका मार्गदर्शकात एक उत्तर, दुसऱ्यात दुसरे आणि मुलाच्या वहीत तिसरेच. मग बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो: तक्ता करून भिंतीला चिकटवायचा आणि मुलाकडून घोकून घ्यायचा. हा लेख त्या तोडग्याच्या विरोधात आहे. घन आकारांचे गुणधर्म ही घोकण्याची गोष्ट नाही, ते हातातली वस्तू मोजून मिळतात. शिवाय मोजलेला आकडा चुकला तर कुठे चुकला हे मुलाला स्वतः शोधता येते. पाठ केलेला आकडा चुकला तर त्याच्याजवळ दुरुस्तीचा काही मार्गच उरत नाही. मारेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात, घरी किंवा शाळेत, जवळजवळ काही खर्च न करता ही मोजणी कशी करायची, फसगत कुठे होते आणि शाळेकडे तुम्हाला काय मागता येते, ते पुढे सांगितले आहे.

आधी काय मोजायचे ते ठरवा

निम्मे वाद मोजणीतून होत नाहीत. नेमके काय मोजायचे हे न ठरवता मोजायला सुरुवात केली की ते होतात. "या डब्याला बाजू किती?" असे विचारले तर एक मूल चार म्हणते, दुसरे सहा आणि तिसरे बारा. तिघांचेही बरोबर असू शकते, कारण बोलताना आपण चौकोनाची रेषाही बाजू म्हणतो आणि डब्याची भिंतही. म्हणून मोजणीच्या वेळी 'बाजू' आणि 'कोपरा' हे शब्द बाजूला ठेवा आणि पाठ्यपुस्तकातले तीन शब्द वस्तूवर बोट ठेवून पक्के करा.

- पृष्ठ: तळहात किंवा बोट ज्याच्यावरून अडथळ्याशिवाय फिरते तो भाग. तो सपाट असेल किंवा वक्र.
- कड: दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषा. बोट फिरवले की ती टोचते.
- शिरोबिंदू: कडा जिथे एकत्र येतात ते टोक.

हे शब्द मोजणीच्या आधी फळ्यावर लिहून देऊ नका. वस्तू मुलाच्या हातात द्या, बोट फिरवू द्या, आणि बोट जिथे अडेल तिथे शब्द सांगा. मारेगाव, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांतल्या पोडांवरून शाळेत येणाऱ्या कोलाम मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. त्यांची घरची भाषा कोलामी. 'शिरोबिंदू' हा शब्द त्यांना जड जातो, पण तो मराठी घरातल्या मुलालाही जडच जातो. डब्याचे टोक मात्र दोघांच्या बोटाला सारखेच टोचते. आधी बोट, मग आकडा आणि शेवटी शब्द, असा क्रम ठेवला तर भाषेमुळे मागे पडणारे मूल इथे मागे पडत नाही. ज्या मुलाला दिसत नाही, त्यालाही हा क्रम तसाच चालतो. मोजलेल्या टोकावर खुणेसाठी टिकलीऐवजी कणकेची छोटी गोळी चिकटवा, म्हणजे हाताला कळते.

चित्रावर मोजू नका

पुस्तकातले घनाचे चित्र नीट पाहा. त्यात ३ पृष्ठे, ९ कडा आणि ७ शिरोबिंदूच दिसतात. उरलेली ३ पृष्ठे, ३ कडा आणि १ शिरोबिंदू मागे दडलेले असतात. ते तुटक रेषांनी दाखवले, तरी ज्या मुलाने खरा ठोकळा फिरवून पाहिलेला नाही त्याच्यासाठी तुटक रेष म्हणजे कागदावरची आणखी एक रेष. ६, १२, ८ हे आकडे पाठ असलेले मूलही चित्रावर बोट ठेवून दाखवताना ९ वर थांबते. चित्र टाकाऊ आहे असे नाही. मात्र ते मोजणीनंतर यावे, आधी नाही. ठोकळा मोजून झाल्यावर चित्र दाखवा आणि "यातल्या कोणत्या तीन कडा लपल्या?" असे विचारा. तेव्हा तुटक रेषेचा अर्थ मुलाला लागतो.

साहित्य: घरात आणि वावरात काय मिळते

- माचिसची डबी, साबणाचे किंवा टूथपेस्टचे खोके, वीट, सापशिडीचा फासा.
- तूर निघाल्यावर उरलेल्या तुराट्या, नाहीतर खराट्याच्या काड्या. तुकडे सारख्या लांबीचे करा.
- जोडायला भिजवलेली काळी माती किंवा कणीक. काळी माती वाळली की आकसते आणि तडकते, म्हणून तिचे नमुने त्याच दिवशी मोजून घ्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ते टिकत नाहीत.
- टिकाऊ नमुने हवे असतील तर सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब आणि माचिसच्या काड्या.
- बटाटा, म्हणजे आपल्याकडचा आलू, आणि चाकू. चाकू मोठ्यांच्याच हातात राहू द्या.
- खडू आणि टिकल्यांचे एक पाकीट.

व्हॉल्व्ह ट्यूब आणि माचिसच्या काड्यांचे नमुने ही अरविंद गुप्ता यांची देणगी. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात १९७८ साली काम करताना त्यांनी ही पद्धत विकसित केली. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महागड्या प्लास्टिकच्या संचाशिवाय भूमिती शिकता येत नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हे काम दाखवा. या नमुन्यांतून आणखी एक गोष्ट विनासायास कळते. काड्यांचा घन हलवला की डुगडुगतो, त्रिकोणी सूची मात्र घट्ट उभी राहते. घराच्या कैचीत त्रिकोण का असतात याचे कारण तिथेच आहे.

मोजणीच्या पायऱ्या

१. पृष्ठांवर आकडे लिहा. खडूने प्रत्येक पृष्ठावर १, २, ३ असे क्रमाने लिहा. ज्याच्यावर आकडा आहे ते मोजून झालेले. खोके हातात फिरवत नुसते डोळ्यांनी मोजले, तर एखादे पृष्ठ दोनदा मोजले जाते किंवा तळचे राहून जाते.

२. शिरोबिंदूंना टिकल्या लावा. किती लावल्या ते लावतानाच मोजा आणि काढतानाही मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

३. कडा थरांनी मोजा. सर्वांत जास्त चुका कडांत होतात. वस्तू टेबलावर ठेवा. वरच्या पृष्ठाभोवतीच्या कडा, मग उभ्या कडा, मग तळाच्या कडा. माचिसच्या डबीला ४, ४ आणि ४, एकूण १२.

४. दुसऱ्या वाटेने पडताळा. प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या वाट्याची असते. म्हणून सगळ्या पृष्ठांच्या रेषा मोजून बेरीज करा आणि निम्मी करा. डबीची ६ पृष्ठे, प्रत्येकाला ४ रेषा, म्हणजे २४, निम्मे १२. तिसरी वाटही आहे. ८ शिरोबिंदू, प्रत्येकापाशी ३ कडा, म्हणजे पुन्हा २४. प्रत्येक कडेला टोके दोन, म्हणून निम्मे १२.

चौथी पायरी वेळखाऊ वाटते, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. तीन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मुलाला शिक्षकाच्या बरोबरच्या खुणेची वाट पाहावी लागत नाही. आणि जिथे थेट मोजणे अवघड, तिथे हीच वाट कामी येते. काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा जुना फुटबॉल घ्या. त्यावर १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात. ठिगळांमधल्या शिवणी एकेक करून मोजायला गेलात तर घोळ ठरलेलाच. पण पंचकोनांच्या रेषा ६० आणि षटकोनांच्या १२०, मिळून १८०. निम्मे केले की ९०. एवढ्या शिवणी.

पृष्ठे अधिक शिरोबिंदू

मोजलेले आकडे एका तक्त्यात मुलालाच लिहू द्या: पृष्ठे, शिरोबिंदू, कडा. चार-पाच वस्तू झाल्या की पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करायला सांगा. घनाची ६ आणि ८, म्हणजे १४, आणि कडा १२. चौकोनी सूचीची ५ आणि ५, म्हणजे १०, कडा ८. त्रिकोणी चितीची ५ आणि ६, म्हणजे ११, कडा ९. दरवेळी फरक २. हेच ऑयलरचे सूत्र, आणि आठवीच्या गणितात ते येते. पण ते आधी सांगून मग पडताळायला लावणे म्हणजे गोष्टीचा शेवट आधी सांगण्यासारखे आहे. लिओनार्ड ऑयलर याने हे सूत्र नोव्हेंबर १७५० मध्ये गणितज्ञ गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात कळवले, तेव्हा त्याच्याजवळ सिद्धता नव्हती. निरनिराळे आकार घेऊन त्याने ते तपासले होते. पूर्णपणे खरी ठरलेली सिद्धता गणितज्ञ लजाँद्र याने १७९४ मध्ये दिली. म्हणजे एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही हा नियम आधी मोजणीतून दिसला आणि सिद्धता मागाहून आली. पाचवीच्या मुलाने तोच रस्ता धरला तर त्यात कमीपणा काही नाही.

सूत्र का टिकते याची चुणूक आलू कापून मिळते. आलूचा घन कापून घ्या आणि त्याचे एकच टोक तिरपे छाटा. तिथे एक छोटा त्रिकोण उघडा पडतो. पृष्ठ १ वाढले. एक शिरोबिंदू गेला आणि तीन आले, म्हणजे २ वाढले. कडा ३ वाढल्या. बेरीज ३ ने वाढली आणि कडाही ३ ने, म्हणून फरक तोच राहिला: ७ अधिक १० म्हणजे १७, आणि कडा १५. आठही टोके छाटली तर पृष्ठे १४, शिरोबिंदू २४, कडा ३६. सुरी जरा जास्त आत गेली आणि काप शेजारच्या तीन टोकांतून नेमका गेला तर आकडे बदलतात, पृष्ठे ७, शिरोबिंदू ७, कडा १२ असे येतात, पण फरक २ च राहतो. असा 'चुकलेला' काप फेकून देऊ नका, तोही मोजायला द्या.

सात काड्यांचा प्रश्न

तुराट्यांच्या कामात मुलाला काड्या आणि मातीच्या गोळ्या मोजून द्या. ६ काड्या आणि ४ गोळ्यांत त्रिकोणी सूची होते. ८ काड्या आणि ५ गोळ्यांत चौकोनी सूची, ९ काड्या आणि ६ गोळ्यांत त्रिकोणी चिती, १२ काड्या आणि ८ गोळ्यांत घन. इथे काड्या म्हणजे कडा आणि गोळ्या म्हणजे शिरोबिंदू, त्यामुळे काही उरले नाही आणि काही कमी पडले नाही हीच मोजणीची खात्री. मग ७ काड्या द्या आणि सपाट पृष्ठांचा बंद आकार करायला सांगा. मुले बराच वेळ खटपट करतील. करू द्या. तो आकार होतच नाही, आणि का होत नाही हे सहावी-सातवीच्या मुलाला मोजणीनेच समजते. ७ कडा म्हणजे पृष्ठांच्या वाट्याला १४ रेषा. प्रत्येक पृष्ठाला कमीत कमी ३ रेषा लागतात, म्हणून पृष्ठे जास्तीत जास्त ४. कडांची टोकेही १४ आणि प्रत्येक शिरोबिंदूपाशी कमीत कमी ३ कडा, म्हणून शिरोबिंदूही जास्तीत जास्त ४. बेरीज ८ च्या वर जात नाही आणि सूत्राला ९ हवेत. एखादी गोष्ट अशक्य आहे हे ठामपणे सांगता येणे हे गणिताचे खास बळ आहे. ते मुलाला सात काड्यांत मिळते, पाठ केलेल्या तक्त्यातून कधीच मिळत नाही.

आपल्याच भागातले षटकोनी खांब

षटकोनी चिती म्हटले की शिक्षक पेन्सिल दाखवतात. या भागात त्याहून मोठे उदाहरण आहे. वणी–पांढरकवडा पट्ट्यातल्या शिबला–पार्डी परिसरात २०२१ मध्ये रस्त्याच्या खोदकामात दगडी खांब उघडे पडले. ते कोणी घडवलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेला लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या, उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला पडतात तशाच. त्या भेगा खोल जात गेल्या आणि बेसाल्टचे खांब सुटे झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची.

असे खांब सगळेच षटकोनी नसतात. पाच आणि सात बाजूंचेही निघतात. मोजणीला हीच चांगली संधी आहे. खांबाचे खालचे टोक जमिनीत असते, म्हणून सगळे मोजता येत नाही. पण वरचा छेद दिसत असेल तर त्याच्या रेषा मोजा आणि उरलेले हिशेबाने काढा: षटकोनी चितीला ८ पृष्ठे, १८ कडा, १२ शिरोबिंदू, पंचकोनीला ७, १५, १०, सप्तकोनीला ९, २१, १४. छेदाच्या रेषांत २ मिळवले की पृष्ठे, तिप्पट केले की कडा, दुप्पट केले की शिरोबिंदू. हा नियम मुलाने माचिसच्या डबीवर आणि त्रिकोणी चितीवर आधीच अनुभवलेला असतो. सहल नेलीत तर एकच पथ्य पाळा: खांबांना हातोडी लावू नका आणि तुकडा घरी आणू नका.

फसगत होते ती ठिकाणे

विटेचा खोलगट ठसा. इष्टिकाचितीचे उदाहरण म्हणून वीट दिली जाते आणि तिथेच गोंधळ उडतो. कोरी वीट चालते. पण अनेक विटांच्या वरच्या पृष्ठावर भट्टीच्या नावाचा खोलगट आयताकृती ठसा असतो. मन लावून मोजणारे मूल तोही मोजणार: ठशाच्या ४ भिंती आणि १ तळ धरून पृष्ठे ११, शिरोबिंदू १६, कडा २४. बेरीज २७, आणि सूत्राप्रमाणे हवी २६. मुलाने मोजण्यात काहीच चूक केलेली नाही. "चुकलास" म्हणून वही परत देऊ नका. अडचण वरच्या पृष्ठात आहे. ते आता चौकटीसारखे झाले आहे, मध्ये रिकामे. त्या चौकटीवर आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत खडूची एक रेघ ओढा आणि ती कड धरा. कडा २५ झाल्या, पृष्ठे तेवढीच राहिली, हिशेब जुळला.

आरपार भोक. मधून चौकोनी भोक आरपार गेलेला ठोकळा याहून फसवा. त्याची पृष्ठे १०, शिरोबिंदू १६, कडा २४. बेरीज २६, म्हणजे सूत्र जुळल्यासारखे दिसते. पण ते योगायोगाने जुळते. वर आणि खाली अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींवर खडूची एकेक रेघ ओढली की कडा २६ होतात आणि फरक शून्यावर येतो. भोक असलेल्या आकारांना हे सूत्र लागू नाही, हे गणितज्ञ ल्युइलिए याने १८१३ मध्येच दाखवले होते. पाचवीपर्यंत अशा वस्तू देऊ नका. आठवीत मुद्दाम द्या.

झाकण नसलेले खोके. झाकण काढलेले पुठ्ठ्याचे खोके दिले तर पृष्ठे ५, शिरोबिंदू ८, कडा १२, आणि फरक १ येतो. आधी झाकण लावा, मग मोजा. कागदी खोक्याच्या आत दुमडलेल्या पट्ट्याही पृष्ठे म्हणून मोजल्या जातात. त्या कापून टाका.

वृत्तचिती, शंकू, गोल: परीक्षेत काय लिहायचे

सर्वाधिक विचारले जाते ते इथले. पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने उत्तरे अशी:

- वृत्तचिती: २ सपाट पृष्ठे आणि १ वक्र, एकूण ३. वर्तुळाकार कडा २. शिरोबिंदू नाही.
- शंकू: १ सपाट आणि १ वक्र पृष्ठ. वर्तुळाकार कड १. शिरोबिंदू १ (तिथे कडा मिळत नसल्या तरी टोकाला शिरोबिंदूच धरतात).
- गोल: १ वक्र पृष्ठ. कड नाही, शिरोबिंदू नाही.

प्रश्नात 'पृष्ठे' विचारली की 'सपाट पृष्ठे', हे वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, हे मुलाला बजावून सांगा. 'दोन की तीन' या वादाचे मूळ बहुतेक वेळा त्या एका शब्दात असते.

ऑयलरचे सूत्र या तिघांना लावू नका. वृत्तचितीत ३ अधिक ० म्हणजे ३, आणि कडा २, फरक १ च. शंकूत ते जुळते, म्हणून काही जण "शंकूला तरी चालते" असे सांगतात. ते योगायोगाचे जुळणे आहे, आरपार भोकाच्या ठोकळ्यासारखेच. वृत्तचिती सूत्रात बसवायची असेल तर विटेवर वापरली तीच खडूची रेघ उपयोगी पडते. वरच्या आणि खालच्या वर्तुळावर एकेक टिकली लावा आणि त्यांना जोडणारी उभी रेघ ओढा. शिरोबिंदू २, कडा ३, पृष्ठे ३. आता फरक २. हे परीक्षेत लिहायचे नाही, पण ज्या मुलाने "का नाही जुळत?" असे विचारले त्याला उत्तर मिळालेच पाहिजे.

"एवढा वेळ कुठे आहे?"

मोजणीवरचा मुख्य आक्षेप वेळेचा. तक्ता दहा मिनिटांत पाठ होतो, आलू कापायला दोन तासिका जातात. हा हिशेब पहिल्या आठवड्यापुरता खरा आहे. पण तक्त्यातले आकडे एकमेकांसारखे असतात: ६, ८, ५, ९, १२. दोन महिन्यांनी घनाची ८ आणि ६ यांची अदलाबदल होते आणि पुन्हा घोकावे लागते. मोजलेल्या मुलाला आकडा आठवला नाही तरी डोळ्यांसमोर डबी आणून तो काढता येतो. दुसरा आक्षेप शिष्यवृत्तीचा, की परीक्षेत वेग लागतो आणि वेगासाठी पाठांतर हवे. वेग हवा हे खरे. पण परीक्षेत घन आणि इष्टिकाचितीवरच सारे भागत नाही. अष्टकोनी चिती, घनावर ठेवलेली सूची, घडी उघडलेला पुठ्ठा असे काही आले की तक्ता संपतो. घनावर तेवढ्याच तळाची सूची ठेवली तर पृष्ठे किती? ६ अधिक ५ म्हणून ११ लिहिणारे मूल चिकटलेली दोन पृष्ठे विसरते. उत्तर ९. ज्याने दोन वस्तू एकमेकींवर ठेवून पाहिल्या आहेत ते विसरत नाही.

घडी उघडण्याचा सराव वेगळा करून घ्या. घनाकृती खोके सपाट पसरायचे तर नेमक्या ७ कडा कापाव्या लागतात आणि ५ घड्या राहतात, कोणत्याही क्रमाने कापा. असे वेगवेगळे पसरलेले आकार एकूण ११ होतात. सहा चौकोनांचा एखादा आकार दिला आणि "याचा घन होईल का?" असे विचारले, तर कागद कापून दुमडून पाहू द्या. सरावाने हळूहळू ते मनातल्या मनात जमू लागते.

शाळेकडे तुम्ही काय मागू शकता

शिक्षण हक्क कायदा २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि मुलांना रुचेल अशा पद्धतीने शिकवावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे साहित्य हातात देऊन शिकवा, ही पालकांची मागणी लाड किंवा हट्ट नाही. तिला कायद्याचा आधार आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. समितीच्या बैठकीत हे विचारा:

- शाळेत गणित पेटी आहे का? असेल तर ती कपाटात बंद आहे की मुलांच्या हातात येते?
- घन आकारांच्या पाठासाठी साहित्य कोण आणि केव्हा गोळा करणार?
- व्हॉल्व्ह ट्यूब, खडू अशा किरकोळ खर्चाची तरतूद आराखड्यात आहे का?

शिक्षकांवर सगळे ढकलू नका. अनेक छोट्या शाळांत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. तासिकेच्या दिवशी एखादा पालक काड्या कापायला आणि चाकू सांभाळायला येऊन बसला तर पाठ सुरळीत होतो. साहित्याची सोय मात्र हंगाम पाहूनच करावी लागते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि तूर जानेवारी–फेब्रुवारीत निघते. तेव्हा तूर झोडून झाली की तुराट्यांची एक जुडी चुलीत घालू नका. ती कोरड्या जागी ठेवा आणि शाळा उघडली की वर्गात पोचवा.